आम्ही घरी घेऊन जातो

आयसीयूच्या दाराबाहेर चपला काढून उभी राहिलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य बोलतात. बोलणारा बहुतेक वेळा थोरला मुलगा किंवा जावई असतो, आवाज खाली गेलेला असतो. "डॉक्टर, आम्ही घरी घेऊन जातो." मग ड्युटीवरचा निवासी डॉक्टर खणातून एक छापील कागद काढतो. त्याला सगळे 'डामा' म्हणतात, काही ठिकाणी 'लामा'. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला नेत आहोत, पुढे काही झाल्यास रुग्णालय जबाबदार नाही. सही, नातं, तारीख, वेळ. पाच मिनिटांत कागद भरून होतो आणि कुणीतरी खाली अ‍ॅम्ब्युलन्स सांगायला जातं.

पुढचा प्रवास कुठल्याच केसपेपरवर नोंदला जात नाही. श्वासनलिकेतली नळी तशीच ठेवलेली असते, कारण काढली तर पेशंट लिफ्टमध्येच जाईल ही भीती. नळीच्या टोकाला अंबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. ती पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, म्हणजे मिनिटाला दहा-बारा वेळा. सोबतच्या भाच्याला हे दोन मिनिटांत शिकवलेलं असतं. घाबरलेला माणूस ती मिनिटाला तीस वेळा दाबतो. छातीत हवा साठत जाते, बाहेर पडायला वेळ मिळत नाही, रक्तदाब घसरतो. ऑक्सिजनचा छोटा बी टाइप सिलिंडर सुमारे १५०० लिटरचा असतो. मिनिटाला १० लिटरनं सोडला तर अडीच तास पुरतो. गाव तीन तासांवर असेल तर हिशेब रस्त्यातच संपतो. रक्तदाब धरून ठेवणारा नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप वॉर्डातच राहिला, झोपेच्या औषधाचा पंपही राहिला. म्हणजे गुंगी उतरत चाललेला माणूस, घशात नळी आणि खड्ड्यांचा रस्ता. घरी पोचल्यावर गाडीबरोबरचा माणूस चिकटपट्टी सोडवून नळी ओढून काढतो, कारण त्याला गाडी परत न्यायची असते. त्यानंतरचा अर्धा तास, कधी सहा तास, घरच्यांच्या डोळ्यांसमोरून जन्मभर जात नाहीत.

यात कुणी दुष्ट नसतं. डॉक्टरला कायद्याची धास्ती असते, कुटुंबाला पैशांची आणि त्याहून जास्त अपराधाची. म्हणूनच डामाच्या कागदाला मी संमतिपत्र मानायला तयार नाही. अंग काढून घेण्याचा कागद आहे तो, दोन्ही बाजूंनी. वैद्यकीय नीतीमध्ये चार तत्त्वं सांगितली जातात, १९७९ साली अमेरिकेत दोन अभ्यासकांनी ती एकत्र मांडली: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं करणं, त्याला अपाय न करणं, आणि न्याय. वैद्यकीय शिक्षणात आता ती पाठच करून घेतात. डामाच्या कागदावर पेशंट स्वतः काही बोललेला नसतो, त्याचं भलं होत नाही, अपाय तर अ‍ॅम्ब्युलन्समध्येच सुरू होतो, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हा कागद सहसा भरावा लागत नाही. एका सहीत चारही तत्त्वं मोडतात.

"घरी घेऊन जातो" हे वाक्य एकच असलं तरी त्याच्या पोटात तीन वेगळी वाक्यं असतात. आता यातून काही निघणार नाही हे आम्हाला कळलंय, हे पहिलं. पैसे संपले, हे दुसरं. त्यांना घरीच, स्वतःच्या खाटेवर, तुळशीपत्र आणि गंगाजल तोंडात पडून जायचं होतं, हे तिसरं. यातलं कुठलं वाक्य बोललं जातंय हे ओळखणं हे त्या क्षणी डॉक्टरचं पहिलं नैतिक काम आहे, आणि ते घाईत सुटतं.

दुसरं वाक्य पहिल्याच्या वेषात येतं तेव्हा माणूस हकनाक जातो. मण्यार चावलेल्याचं उदाहरण घ्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश इतका बारीक की कित्येकदा जाग येत नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, मग श्वासाचे स्नायू थांबतात. व्हेंटिलेटरवर असलेल्या या माणसाला हाक मारली तर तो हलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला आकसत नाहीत, मेंदू मेल्यासारखं सगळं दिसतं. पण मेंदू शाबूत असतो, कित्येकदा त्याला ऐकूही येत असतं. विषानं मज्जातंतूंची टोकं निकामी केलेली असतात आणि ती पुन्हा उगवायला दिवस लागतात, कधी आठवडे. या टप्प्यावर प्रतिविषाचा उपयोग थोडा, खरा उपचार म्हणजे मशिननं श्वास देत वाट बघणं. असा माणूस चालत घरी जाऊ शकतो. कीटकनाशक प्यायलेला तरुण, गुलेन बारी सिंड्रोमनं हातपाय लुळे पडलेली बाई, यांचंही पुष्कळ अंशी तसंच. पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बारीचे पेशंट एकदम वाढले, तेव्हा पुष्कळ घरांना हा आजार पहिल्यांदा कळला. अशा पेशंटचं कुटुंब "घरी नेतो" म्हणालं, तर डामाचा कागद काढण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला बोलावलं पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांसाठी राखलेल्या दहा टक्के खाटांतली एखादी मोकळी आहे का, सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळेल का, हे फोन त्याच तासात झाले पाहिजेत. सार्वजनिक आरोग्यातला न्याय हा शब्द मोठा वाटतो. रात्री अकरा वाजता तो एवढ्या तीन फोनांइतका असतो.

आता पहिलं वाक्य. यातून काही निघणार नाही. समजा ते खरं आहे: सर्वांगात पसरलेला कॅन्सर, किंवा मेंदूचा मोठा भाग गेलेला रक्तस्राव, किंवा ऐंशीच्या घरातलं शरीर ज्याची मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत एकामागून एक थांबत आलीत. इथे मराठी वर्तमानपत्रांतला एक शब्द फार नुकसान करतो: इच्छामरण. या शब्दाबरोबर भीष्म येतो, शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट बघणारा, स्वतःच्या मरणाची तिथी ठरवणारा. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तिथी ठरवायची नसते. त्याला लावलेला एक उपचार काम करेनासा झालाय, तो चालू ठेवायचा की नाही एवढाच प्रश्न असतो. विष टोचून प्राण घेणं भारतात गुन्हा आहे आणि त्यावर वादही नाही. निरुपयोगी उपचार न लावणं किंवा लावलेला काढणं ही वेगळी कृती आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१८ साली आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयीच्या शब्दांच्या व्याख्या प्रसिद्ध केल्या, त्यात 'पॅसिव्ह युथनेशिया' (निष्क्रिय इच्छामरण) हा शब्दप्रयोगच टाळायला सांगितला, तो याच घोटाळ्यामुळे.

तत्त्वज्ञ इथे एक टोचणारा प्रश्न विचारतात आणि तो टाळू नये. १९७५ साली जेम्स रेचल्स यांनी विचारलं होतं: शेवट ठरलेलाच आहे आणि तो आम्ही होऊ देतो, तर मग झटकन, वेदनेशिवाय प्राण घेणं जास्त दयाळू नाही का? फक्त परिणाम मोजणाऱ्या उपयुक्ततावादाकडे याला सोपं उत्तर नाही. कांट या तत्त्वज्ञाच्या वाटेनं जाणारा म्हणेल की माणसाच्या जिवाचा उपयोग त्याचं दुःख संपवण्याचं साधन म्हणूनसुद्धा करता येत नाही. मला पटतं ते उत्तर जास्त जमिनीवरचं आहे. मशिन काढल्यावर माणूस जातो तो त्याच्या आजारानं. आजार बरा झाला असता तर मशिन काढल्यावर तो जगला असता, आणि आपल्याला आनंदच झाला असता. विष टोचल्यावर मात्र आजार बरा झालेला माणूसही मरतो. या फरकावर डॉक्टरकीचा सगळा विश्वास उभा आहे. त्या खाटेवरच्या माणसाला हे ठाऊक असावं लागतं की हा पांढरा कोट माझ्या जिवावर उठणार नाही.

लावलेलं काढणं हे न लावण्यापेक्षा जास्त पाप, असं मात्र बहुतेकांना वाटतं, डॉक्टरांनासुद्धा. "आता लावलंय, कसं काढणार?" भावना समजते, पण ती पुढे नेली तर उलटं घडतं. काढता येणार नाही म्हणून डॉक्टर लावायलाच कचरतात, आणि जो वाचू शकला असता तो प्रयत्नाविना जातो. यावर रुग्णशय्येजवळचा उपाय आहे, त्याला टाइम-लिमिटेड ट्रायल म्हणतात. व्हेंटिलेटर लावतानाच कुटुंबाला सांगायचं: आपण ७२ तास पूर्ण ताकदीनं प्रयत्न करू. या ७२ तासांत ऑक्सिजनची गरज कमी व्हायला हवी, रक्तदाबाच्या औषधाचा डोस उतरायला हवा, लघवी सुरू व्हायला हवी. तसं झालं तर पुढे जाऊ. नाही झालं तर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पुन्हा बसू. दिवस आणि वेळ सांगायची, केसपेपरवर लिहायची, आणि शुक्रवारी पाचला खरंच बसायचं. हे न पाळल्यामुळे ट्रायलचं नुसतं नाव उरतं. शुक्रवारी दुसरा डॉक्टर ड्युटीवर असतो, त्याला काहीच माहीत नसतं, आणि उपचार आपल्याच वेगानं पुढे घरंगळत राहतात.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना केईएमच्या वॉर्डापाशी थांबावंच लागतं. अरुणा शानबाग, परळच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात त्यांच्यावर अत्याचार झाला, गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली गेली, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर त्या ४१ वर्षांहून अधिक काळ तिथेच एका खाटेवर होत्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांचं अन्न थांबवण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. ७ मार्च २०११ रोजी ती याचिका फेटाळली गेली, मात्र त्याच निकालानं अशा प्रसंगी जीवरक्षक उपचार काढण्याचा रस्ता पहिल्यांदा कायद्यात आणला. त्यासाठी इंग्लंडमधल्या टोनी ब्लँडच्या खटल्याचा आधार घेतला गेला. १९८९ मधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेत चिरडलेला, कायमचा बेशुद्ध राहिलेला तो तरुण. त्याचं नळीतून दिलं जाणारं अन्न थांबवायला तिथल्या न्यायालयानं १९९३ साली मान्यता दिली होती.

अरुणांच्या बाबतीत न्यायालयानं केईएमच्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं मानलं, आणि परिचारिका म्हणत होत्या, आम्ही सांभाळू. इतक्या वर्षांत पाठीवर एक बेडसोअर होऊ दिला नाही त्यांनी. ज्यानं असा रुग्ण सांभाळलाय त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, नितंबांची हाडं रोज बोटांनी तपासायची. दाबल्यावर लाली गेली नाही तर जखम आतून सुरू झालीय असं समजायचं. चादरीला सुरकुती नको, ओल नको. हे चाळीस वर्षं, नर्सेसच्या पिढ्या बदलत असताना. नीतिशास्त्रात 'केअर एथिक्स' नावाची एक शाखा आहे; ती म्हणते, नीती तत्त्वांतून सुरू होत नाही, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाच्या गरजेतून सुरू होते. केईएमच्या त्या खाटेपाशी ती शाखा पुस्तकाविना चालू होती.

आणि तरीही माझं मन एका ठिकाणी अडतं. विराणी यांची माया खरी होती, परिचारिकांची खरी होती. दोन्ही बाजू अरुणांसाठी बोलत होत्या, फक्त अरुणांना स्वतः काय हवं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विशीतल्या मुलीला ते कुणी कधी विचारत नाही.

हे विचारून, लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी, 'कॉमन कॉज' या संस्थेच्या २००५ सालच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल देताना केली. सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. पण वाट इतकी काटेरी आखली होती की तिच्यावरून चालणं जवळजवळ अशक्य होतं. असं लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, मग रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यानं नेमलेलं दुसरं मंडळ, मग दंडाधिकाऱ्याची रुग्णाला भेट. अतिदक्षता तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं पुन्हा दाद मागितली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं नियम सुटसुटीत केले. आजची पद्धत त्या आदेशाची आहे.

ती अशी. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, हे रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ. शक्यतो ४८ तासांत त्यांनी मत द्यायचं. मग दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तितकाच अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, तेही शक्यतो ४८ तासांत. रुग्णानं आधी लिहून ठेवलं असेल तर त्यात नाव दिलेल्या माणसांची संमती, लिहिलेलं नसेल तर जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती. निर्णय अमलात आणण्याआधी रुग्णालयानं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. कळवायचं, परवानगी मागायची नाही. हा फरक पुष्कळ रुग्णालयांच्या कायदा विभागांनाही अजून उमगलेला नाही आणि फाइल तिथेच आठ दिवस पडून राहते. मंडळांनी नकार दिला तर कुटुंबाला उच्च न्यायालयात जाता येतं. दुसऱ्या मंडळासाठीची नेमणूक आयत्या वेळी होत नाही, हा व्यवहारातला सगळ्यात मोठा अडथळा. ज्या रुग्णालयानं डॉक्टरांची यादी आधीच मंजूर करून ठेवलीय तिथे हे दोन-तीन दिवसांत पार पडू शकतं. जिथे नाही, तिथे पुन्हा खणातून तो डामाचा कागद निघतो.

मंडळं कायद्यासाठी असतात. निर्णय खरा होतो तो एका छोट्या खोलीत, कुटुंबाशी बोलताना. आणि इथे एक प्रश्न सर्रास चुकीचा विचारला जातो: "सगळं करायचं का?" सगळं नको म्हणणारं कोण असेल? मुलगा "करा" म्हणतो, कारण "नको" म्हटलं तर बापाला मारल्याचं पातक त्याच्या एकट्याच्या माथी. निर्णयाचं ओझं असं सहीवर ढकलून देणं याला स्वायत्ततेचा आदर म्हणता येत नाही. बोलणं असं व्हावं: आधी सगळ्यांनी बसायचं, डॉक्टरनंही, फोन बंद करून. पहिला प्रश्न कुटुंबाला: "आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?" उत्तरातून कळतं की हृदयाच्या डॉक्टरनं "हार्ट चांगलं आहे" सांगितलंय, किडनीच्या डॉक्टरनं "क्रिएटिनिन सुधारलंय" सांगितलंय, आणि माणूस चाललाय हे कुणीच सांगितलेलं नाही. मग ते सांगायचं, साध्या मराठीत. "सिरियस आहेत" हा शब्द झिजून गुळगुळीत झालाय, त्यातून काही पोचत नाही. "मला वाटतं, ते यातून वाचणार नाहीत" हे वाक्य बोलावं लागतं, आणि बोलल्यावर गप्प राहावं लागतं. रडू येऊ द्यावं. घाईनं पुढचा मुद्दा काढू नये.

मग दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात मोलाचा: "त्यांना आत्ता इथे बसून बोलता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते?" हा प्रश्न विचारला की खोलीतली हवा पालटते. कुणाला आठवतं, शेजारचे काका महिनाभर मशिनवर होते तेव्हा आई म्हणाली होती, माझे असे हाल करू नका रे. कुणी सांगतं, अण्णा नातीच्या लग्नापर्यंत काहीही सोसायला तयार होते. आता निर्णय मुलाचा राहत नाही, आईचा होतो, अण्णांचा होतो, आणि डॉक्टरनं त्यावर आपली शिफारस स्पष्ट सांगायची असते. "तुमच्या घरचं माणूस असतं तर काय केलं असतं?" हा प्रश्न येतोच, त्याला बगल देऊ नये. पण उत्तर "मी" वरून पुन्हा "ते" वर आणावं, कारण डॉक्टरच्या घरचं माणूस वेगळं असतं.

आपल्या घरांमध्ये एकटा माणूस क्वचितच निर्णय घेतो, आणि त्यात काही कमीपणा नाही. मात्र "त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका" इथवर गाडी गेली की ज्याचं मरण आहे त्यालाच खोलीबाहेर बसवलेलं असतं. अशा वेळी रुग्णालाच विचारावं: "आजाराबद्दलचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" काहीजण खरंच म्हणतात, मुलाशी बोला. तीही स्वायत्तताच, स्वतः होऊन दिलेली. याच मातीत विनोबांनी १९८२च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध थांबवलं, तेव्हा त्यांचं मन वळवायला आलेल्यांना ते स्वतः नकार देऊ शकत होते. आयसीयूतल्या माणसाचं तोंड नळीनं बंद असतं, म्हणून त्याच्या वतीनं विचारणाऱ्यावर जबाबदारी जास्त.

निर्णय झाला की डॉक्टरचं काम संपलं असं समजणं ही दुसरी मोठी चूक. व्हेंटिलेटर काढणं ही एक वैद्यकीय प्रक्रिया आहे आणि ती शस्त्रक्रियेइतकी नीट करावी लागते. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर त्याचा अंमल पूर्ण उतरल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही; नाहीतर माणूस आतून गुदमरेल आणि बाहेरून शांत दिसेल, याहून मोठा अपाय नाही. नाकातल्या नळीचं अन्न काही तास आधी थांबवायचं. घशात स्राव साठून घरघर लागते, ती ऐकणाऱ्यांना असह्य होते. त्यासाठी ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम आधीच द्यायचं, कारण साठलेला स्राव ते सुकवत नाही, नवा होऊ देत नाही एवढंच. मॉनिटरचे अलार्म बंद, नको त्या सुया-वायरी काढलेल्या, एका बाजूचा कठडा खाली केलेला, म्हणजे बायकोला हात धरता येतो. मग मॉर्फिन, शिरेतून १ ते २ मिलिग्रॅम, सावकाश. ऑक्सिजन २१ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साध्या हवेइतका खाली आणायचा आणि दहा-वीस मिनिटांत मशिनचा आधार पायरीपायरीनं उतरवायचा. प्रत्येक पायरीवर कपाळ बघायचं. कपाळावर आठी पडली, नाकपुड्या फुलल्या, श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला, तर थांबून मॉर्फिनचा पुढचा डोस, गरज लागल्यास १ ते २ मिलिग्रॅम मिडाझोलाम हे गुंगीचं औषध. चेहरा निवळला की पुढची पायरी.

मॉर्फिननं श्वास मंदावून माणूस लवकर जाईल, मग हे मारणं नाही का, असं नर्सेस विचारतात, आणि बरोबरच विचारतात. तेराव्या शतकातल्या थॉमस अ‍ॅक्विनासनं आत्मसंरक्षणाबद्दल लिहिताना मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: एकाच कृतीचे दोन परिणाम असतात, एक हवा असलेला, एक नको असलेला पण होईल हे आधी दिसत असलेला. हेतू पहिल्याचा असेल आणि दुसऱ्याच्या वाटेनं पहिला गाठलेला नसेल तर कृती सदोष ठरत नाही. हेतू मनातला, तो कसा बघायचा, अशी शंका घेतात. मला वाटतं तो औषधाच्या चार्टवर वाचता येतो. दर दहा मिनिटांनी २ मिलिग्रॅम, शेजारी श्वासाची गती आणि "कपाळावर आठी" अशी नोंद, मग पुढचा डोस: हा त्रास कमी करण्याचा हेतू. एकदम ५० मिलिग्रॅम आणि शेजारी काहीच लिहिलेलं नाही: हा वेगळा. काळजीनं मोजून दिलेल्या मॉर्फिननं मरण फारसं अलीकडे येत नाही, हा उपशामक सेवेतला, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेतला, नेहमीचा अनुभव आहे. कुटुंबाला एवढं मात्र आधी सांगायलाच हवं की मशिन काढल्यावर काही मिनिटं लागतील, काही तास, क्वचित काही दिवसही. न सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते विचारतात, आपण चुकलो का?

आपल्याकडे मॉर्फिन मिळत नाही ही तक्रार एके काळी खरी होती. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे एकाच औषधासाठी अनेक परवाने लागत; २०१४ साली तो बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरू लागली. गोळी स्वस्त आहे. नडतं ते एवढंच की मान्यतेसाठी अर्ज करायचं कित्येक रुग्णालयांच्या मनातही येत नाही. १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा. गोव्यातही त्याची शाखा आहे. इतकी वर्षं झाली, आणि जिल्ह्याच्या गावी कॅन्सरच्या वेदनेवर अजून डायक्लोफेनॅक या साध्या वेदनाशामकाचं इंजेक्शन देतात. मरणाच्या दारातला माणूस वेदनेनं कळवळत असताना "सवय लागेल" म्हणून मॉर्फिन नाकारणं हा सार्वजनिक आरोग्यातला उघड अन्याय आहे.

वैद्यकीय इच्छापत्र लिहिणाऱ्यांसाठी थोडं. मृत्युपत्रापेक्षा हे वेगळं: मृत्युपत्र आपण गेल्यावर उघडतं, हे आपण असताना लागतं. अठरा वर्षांवरच्या, शुद्धीतल्या कुणालाही लिहिता येतं. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एकेक त्या माणसांकडे ज्यांची नावं निर्णयासाठी लिहिली आहेत. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी याची औपचारिक सुरुवात झाली तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी सगळ्यात आधी स्वतःचं इच्छापत्र केलं. महाराष्ट्रात मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना, प्रती ठेवून घेणारे अधिकारी नेमले जावेत म्हणून, मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं.

चुका होतात त्या मजकुरात. "मला नळ्या नकोत" एवढंच लिहिलं तर खुब्याच्या ऑपरेशननंतरची दोन दिवसांची लघवीची नळीही त्यात येते. स्थिती लिहावी आणि उपचार लिहावा: दोन मंडळांच्या मते बरं होण्याची वाजवी आशा नसेल, तर हृदय बंद पडल्यावर छाती दाबू नये, व्हेंटिलेटर लावू नये, लावला असेल तर काढावा, डायलिसिस करू नये, वेदना आणि धाप यांवरचे उपचार मात्र पूर्ण द्यावेत. हे शेवटचं वाक्य विसरू नये. निर्णयासाठी एकट्या जोडीदाराचं नाव देऊ नये, तीही ऐंशीची असते. निदान दोन नावं, त्यातलं एक तरुण आणि त्याच गावातलं. इच्छापत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तर रविवारी रात्री काही उपयोग नाही. आणि मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर त्यांच्याशी व्हिडिओवर हे सगळं आधीच बोलून घ्यावं. वीस तास विमानात बसून आलेला मुलगा आयसीयूच्या दारात "सगळं पुन्हा सुरू करा" म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून इतक्या वर्षांचं दूर राहणं बोलत असतं. इथे सहा वर्षं सेवा केलेली बहीण गप्प होते, आणि झालेला निर्णय मोडतो.

राहिलं तिसरं वाक्य. घरी, स्वतःच्या खाटेवर. ही इच्छा पूर्ण करता येते, आणि त्यासाठी डामा लागत नाही. साधा डिस्चार्ज द्यावा, कारण सल्ला हाच आहे. कार्डावर निदान, झालेला निर्णय आणि छाती दाबू नये ही सूचना स्पष्ट लिहावी. नळी काढायची असेल तर ती इथेच, वर सांगितल्याप्रमाणे, त्रास आटोक्यात आणून काढावी, आणि मग गाडी बोलवावी. तोंडानं घेता येत असेल तर मॉर्फिन २.५ ते ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध. येत नसेल तर त्वचेखाली द्यायच्या इंजेक्शनांची सोय, आणि ती देणारी नर्स. रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. गावातल्या डॉक्टरशी आधी बोलणं, कारण घरी मृत्यू झाल्यावर मरणाच्या कारणाचा दाखला, फॉर्म ४-ए, त्यालाच भरावा लागतो, आणि पहाटे तीनला अनोळखी डॉक्टर तो भरत नाही. मग अंत्यविधी खोळंबतो आणि घरचे दारोदार फिरतात.

पाणी किंवा गंगाजल चमच्यानं घशात ओतू नये. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, चेहरा निळा पडतो. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून, पिळून, ओठांवरून आणि जिभेच्या टोकावरून फिरवावा. तुळशीचं पान तोंडात न घालता ओठांवर ठेवावं. तोंड सुकतं, म्हणून दर तासाला पुन्हा. हे काम नातवंडांनाही जमतं.